मेंढरांवरची चंद्रकोर

फोटो काढताना एडक्यानं मान हलवली होती, त्यामुळं त्याचं तोंड धुरकट आलं होतं. कूस मात्र स्पष्ट होती. काळ्या लोकरीवर पिवळ्या ऑइलपेंटची चंद्रकोर, वीतभर उंचीची.

"ही आमच्या आप्पाची खूण," बिराप्पानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "अशीच पायजे. पर सफाईदार. मशिनीवर काढल्यावानी."

"मशीनवरच काढणार आहे मी."

"मंग झालं की!"

धाराशिवच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझ्या मामूंचं, जैनोद्दीन मामूंचं, रेडियमचं दुकान आहे. मोटारसायकलचे नंबर, ट्रॅक्टरवरची नावं, टेम्पोच्या मागची वाक्यं आणि दुकानांच्या काचांवरची अक्षरं असं काम असतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. एम.एस्सी. पुढच्या वर्षावर गेलं आणि तोवर दुकानातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. मी आकार काढते, मामू कटर मशीन चालवतात आणि चिकटवतात. माझे हात चिकटवायला बरे नाहीत, हवेचे फुगे राहतात.

त्या दिवशी बेंबळीकडचे तिघं आले होते. बिराप्पा थोरला, बसवेश धाकटा, आणि त्यांची आई हरणाबाई. मेंढपाळ लोक. दसरा होऊन गेला होता, लोकर कातरून झाली होती, आणि कळप घेऊन बाहेर पडायचे दिवस आले होते. फरक एवढाच, की यंदा कळप एक राहणार नव्हता. वडील गेल्यापासून दोघं भाऊ एकत्र हिंडत होते, पण आता वाटणी झाली होती. बिराप्पा तेरणेच्या काठानं कळंबकडं जाणार होता, बसवेश नळदुर्गकडं.

"आन् मी घरी," हरणाबाई म्हणाल्या. त्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या रेडियमच्या गुंडाळ्या बघत होत्या. "दोघांनी मिळून ठरीवलंय. म्हातारीनं आता घरी बसायचं."

"आये, गुडघं दुखत्यात म्हनून रोज वरडती कोण?" बसवेश म्हणाला.

"गुडघं घरी बसून बी दुखत्यात."

"मेंढरं कुठं पळून चाललीत का? आमची ती तुझीच."

"मंग चार दाव. ही चार हरणाबाईची म्हनून."

"चार कशाला? समदी तुझीच की."

"समदी माझी म्हंजी येक बी माझं न्हाय," हरणाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "पोरी, तू तुझं काम कर. ह्यांचं रोजचंच हाय."

 बिराप्पानं टोपी काढली, आतून झटकली आणि परत घातली.

मी विचारलं, की एक भाऊ पिवळा रंग घेईल आणि दुसरा लाल, तर एवढा खटाटोप कशाला? दोघंही हसले. रंगाचं काय, बिराप्पा म्हणाला, ज्या गावाला जो डबा मिळेल तो घ्यायचा. पाऊस लागतो, ऊन लागतं, शेतात बसवलेली मेंढरं चिखलात लोळतात. रंग बदलतो, आकार राहतो. रात्री दोन कळप एकमेकांत घुसले की सकाळी आकार बघून वेगळे करायचे.

"तुम्हाला तुमची मेंढरं ओळखू येत नाहीत?" मी विचारलं.

"येत्यात की. येकेकीचं तोंड पाठ हाय. पर समोरच्याला कुठं पाठ हाय? खूण दुसऱ्यासाठी असती ताई."

अडचण अशी होती, की दोघांनाही वडिलांचीच खूण हवी होती. बिराप्पा थोरला म्हणून आणि बसवेश शेवटपर्यंत वडिलांजवळ होता म्हणून. मी म्हणाले, आधी आकार तर काढू.

फोटो मोठा केला. मोठा करत गेलं की कोर नाहीशी होते आणि नुसत्या चौकटी उरतात. आतल्या पिवळ्या, बाहेरच्या काळ्या आणि मधल्या मळकट, ज्या धड रंगातही नाहीत आणि लोकरीतही नाहीत. कोरीची कड त्या मळकट चौकटींमधून नेमकी कुठून जाते, हे फोटोला माहीत नसतं. ते काढणाऱ्यानं ठरवायचं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये आपोआप कड काढून देणारी आज्ञा आहे. मी ती देऊन बघितली. कडेला मुंग्या लागाव्यात तसे बिंदू लागले. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एकेक. असा आकार कटरला दिला की ब्लेड प्रत्येक बिंदूवर अडखळतं आणि कडेला करवतीसारखे दात पडतात. रेडियमच्या नंबरात ते खपून जातं. इथं तसं चालणार नव्हतं, कारण आम्ही कापणार होतो ती खूण नव्हती, खुणेचं भोक होतं. त्या भोकातून ब्रशनं रंग लावायचा. दातांमध्ये रंग शिरला की खाली पसरतो.

म्हणून मी ते सगळे बिंदू पुसले आणि पेन टूल घेतलं. नाव पेन असलं तरी त्यानं रेघ ओढायची नसते. एक बिंदू ठेवायचा आणि माऊसचं बटण न सोडता ओढायचं, की बिंदूतून दोन्ही बाजूंना एकेक दांडी निघते. दांडी ज्या दिशेला, रेघ त्या दिशेनं बाहेर पडते. दांडी जितकी लांब तितका वेळ रेघ ती दिशा धरून राहते आणि मग पुढच्या बिंदूकडं वळते. मधली वाट सॉफ्टवेअर गणितानं काढतं. आपल्या हाताचा कंप त्यात येत नाही, कारण आपला हात त्या वाटेवरून गेलेलाच नसतो.

"ही शिंगं कशाची फुटली तिला?" हरणाबाईंनी पडद्याकडं बोट केलं.

"शिंगं नाहीत आज्जी, हँडल आहेत. ती कापताना येत नाहीत. ह्यांना धरून वळवायचं."

"कासरा म्हण की."

"हां, तसंच."

चंद्रकोरीला चार बिंदू पुरतात. दोन टोकांना, एक बाहेरच्या पोटाशी, एक आतल्या पोटाशी. टोकांचे बिंदू कोपऱ्याचे, म्हणजे त्यांच्या दोन दांड्या वेगवेगळ्या फिरतात. पोटाचे बिंदू गुळगुळीत, म्हणजे दोन्ही दांड्या एका ओळीत बांधलेल्या. जितके बिंदू कमी तितकी कड स्वच्छ. ह्या पद्धतीनं खरं वर्तुळ कधीच निघत नाही, अगदी जवळ जातं आणि थांबतं. चुकलेलं अंतर ब्लेडच्या जाडीहूनही कमी असतं. कॉलेजात मी एकदा त्याचं गणित करून बघितलं होतं, तेव्हापासून मला ते आवडतं.

टोकं मी मुद्दाम बोथट केली. लोकरीत सुईसारखं टोक उमटत नाही, नुसता ठिपका पडतो.

"आता हिलाच फिरवा की," बसवेश माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "दादाच्या कोरीचं तोंड तिकडं. माझ्या कोरीचं इकडं. आप्पाचीच खूण दोघांला."

आडवं उलटवायची आज्ञा एका क्लिकची आहे. पडद्यावर दोन कोरी आल्या. एक उजवीकडं उघडलेली, दुसरी डावीकडं. एकमेकींच्या आरशातल्या. दिसायला छान दिसत होतं. बिराप्पानंही मान हलवली. मेंढराच्या डाव्या कुशीला खूण करायची त्यांची पद्धत होती. म्हणजे मेंढराचं तोंड बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. बिराप्पाची कोर शेपटीकडं बघणार आणि बसवेशची तोंडाकडं. ह्यात घोटाळा व्हायला जागाच नव्हती. बिराप्पा मामूंना घेऊन समोरच्या टपरीवर गेला आणि दोघं चहा घेऊन आले.

"कशावर कापायचं?" मी मामूंना विचारलं. रेडियम धुऊन पुन्हा वापरता येत नाही.

मामूंनी माळ्यावरून जुन्या एक्स-रे फिल्मचा गठ्ठा काढला. भंगारवाल्याकडून घेतलेल्या. नंबरप्लेट रंगवायच्या दिवसांत ते ह्याच वापरायचे. लवचीक, फाटत नाहीत, पुसल्या की स्वच्छ. एका फिल्मवर कुणाच्या तरी बरगड्या होत्या, दुसरीवर गुडघा.

"गुडघ्याची मला द्या," हरणाबाई म्हणाल्या. "माझाच आसंल."

मशीननं दोन्ही फिल्मवर ब्लेड दोनदा फिरवलं, आणि मामूंनी नखानं दाबून मधले तुकडे पाडले. कड हातानं चाचपून बघितली तर कुठंही खरखर लागत नव्हती. कुठली कुणाची ते कळावं म्हणून मामूंनी शिल्लक लाल रेडियमवर दोघांची नावं कापली आणि फिल्मच्या कोपऱ्यात एकेक चिकटवलं. बिराप्पा. बसवेश. एकही फुगा न राहता.

पाच-सहा दिवसांनी बिराप्पाचा फोन आला.

"ताई, बसवेशनं तुमाला येगळं काय सांगितलं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हंजी खरं सांगा. मी चहा आणाया गेलो तवा काय बोलनं झालं का तुमचं?"

मागून बसवेशचा आवाज आला, "आरं, तूच गेल्ता ना च्या आणाया? तवा तू दुकानदाराला गाठला नसशील कशावरनं?" मग फोन बंद झाला. परत लावला तर कुणी उचलला नाही.

मामूंचा दुकानाचा एक नियम आहे. कापण्यात चूक झाल्याची तक्रार आली की आधी जाऊन बघायचं, मग बोलायचं. फोनवर वाद घालायचा नाही. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि आम्ही स्कूटरवर बेंबळीला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली मोकळी रानं होती.

"क्या चुकी हुई होगी गे?" मामूंनी विचारलं.

"डिझाइनमें तो कुछ नई," मी म्हणाले. मला खरोखर तसंच वाटत होतं.

गावाबाहेर एका सोयाबीनच्या रानात मेंढरं होती. एका बाजूला बिराप्पा उभा होता, दुसऱ्या बाजूला बसवेश, आणि मध्ये मेंढरं. हरणाबाई बांधावर बसल्या होत्या. 

"बघा, तुमीच बघा," बिराप्पा म्हणाला.

बघितलं. मेंढरांच्या डाव्या कुशीला पिवळ्या कोरी होत्या. कड सुंदर उमटली होती. काही कोरी शेपटीकडं बघत होत्या, काही तोंडाकडं. एवढं बरोबर होतं.

"ही माझी." त्यानं एका मेंढीची मान धरली. तिच्या कुशीवरची कोर तोंडाकडं बघत होती. "माझ्या वाटणीची. हिची आय पन माझी. आन् खूण बसवेशची. आशी लई हैत. म्या पकडून धरायचो, हा रंग लावायचा. माझ्या मेंढरांवर आपली खूण मारत गेला आन् मला वाटतंय भाऊ काम करतोय."

"आन् माझ्या मेंढरांवर तुझी खूण कुनी मारली? तू रंग लावायला बसलास तवाच की!"

"म्या मुद्दाम मारीन व्हय?"

"मंग म्या मुद्दाम मारली?"

"सकाळपास्नं हेच चाललंय," हरणाबाई बांधावरूनच म्हणाल्या. "येक म्हनतो तू चोर, दुसरा म्हनतो तू चोर. मी म्हनलं बरं झालं, चोराच्या पोटी जलमला न्हाईत, चोर झालात."

मी फिल्म मागितल्या. बसवेशनं त्या बादलीतून काढून दिल्या. रंग वाळू नये म्हणून चार-पाच मेंढरं झाली की फिल्म पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायची आणि मग ती बादलीत उभी करायची, असं त्यांनी केलं होतं. दोन्ही फिल्म स्वच्छ होत्या. इतक्या स्वच्छ, की कोपऱ्यातली नावंही राहिली नव्हती.

मामूंनी कोपरा बोटानं चोळला, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. जुना नंबर काढायचा असला की आम्ही दुकानात त्यावर पेट्रोलचा बोळाच फिरवतो. गोंद सुटतो आणि रेडियम सालीसारखं निघतं. ते आम्ही रोज करतो. आणि पेट्रोलनं पुसायच्या फिल्मवर नाव आम्ही रेडियमचंच लावलं होतं.

"नाव पडलं तरी आकार वेगळा आहे ना?" मी म्हणाले, मामूंना नाही, मलाच. दोन्ही फिल्म शेजारी धरल्या. एक उजवीकडं उघडी, एक डावीकडं उघडी. घासून घासून बरगड्या आणि गुडघाही पुसले गेले होते. मग मी एक फिल्म पालथी केली.

दोन्ही सारख्या झाल्या.

दुसरी पालथी केली. परत वेगळ्या झाल्या, पण अदलाबदल होऊन. पालथी न करता नुसती खालची बाजू वर केली, तरी तेच. मी दुकानात दोन फिल्म कापल्या नव्हत्या, एकच आकार दोनदा कापला होता. पडद्यावर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं असतं, कारण पडदा कुणी उचलून पालथा करत नाही. रेडियमच्या धंद्यातही हा प्रश्न येत नाही. अक्षर उलटं धरलं तर ते उलटं आहे हे अक्षरच सांगतं. म्हणून वरची बाजू कुठली ते आम्ही कशावरच लिहीत नाही, आणि कोर काही सांगत नाही.

मी दोघा भावांना जवळ बोलावलं. फिल्म बसवेशच्या हातात दिली. "ही कुणाची?"

त्यानं बघितलं. "दादाची. तोंड तिकडं हाय."

मी तिची वरची कड खाली केली. "आता?"

त्यानं फिल्म डोळ्यांजवळ नेली. बिराप्पानं फिल्म त्याच्या हातातून घेतली, स्वतः फिरवली, पालथी केली, परत फिरवली. मग दुसरी घेतली आणि तिच्याशीही तेच केलं. बराच वेळ तो ते करत होता.

"म्हंजी बादलीतनं काढताना..." तो म्हणाला.

"हाताला येईल तशी यायची."

"आन् मुद्दाम कुनीच..."

"मुद्दाम करायला आधी हे कळायला हवं होतं," मी म्हणाले. "तुम्हाला कळलं नव्हतं. मला पण नाही."

बसवेश खाली बसला. "मी ह्याला काय काय बोललो राव," तो म्हणाला, पण कुणाकडं बघून नाही.

"म्या पन काय पूजा न्हाय केली तुझी," बिराप्पा म्हणाला.

भांडण संपलं, पण मेंढरं तशीच होती. कोणती कुणाची ह्याबद्दल वाद नव्हता. हरणाबाईंनी बांधावरून नुसतं बोट दाखवून दोन्ही वाटण्या वेगळ्या केल्या, आणि दोघांनाही त्या मान्य होत्या. प्रश्न खुणेचा होता. बिराप्पाच्या कळपात बसवेशच्या खुणेची मेंढरं दिसली तर वाटेत कुणीही चोरीची म्हणेल. बसवेशनं एका मेंढीची खूण पेट्रोलनं पुसून बघितली होती. रंग थोडा फिकटला, खालची कातडी मात्र लाल झाली, आणि हरणाबाईंनी त्याच्या हातातून बोळा काढून घेतला होता. पुन्हा कातरायचं म्हटलं तर अंगावर लोकर उरली नव्हती.

"सोपं हाय," बसवेश म्हणाला. "चुकीच्या कोरीवर बरोबर कोर मारायची. बरोबरची वर दिसंल."

मामू म्हणाले, मारून बघ एकावर.

त्यानं बिराप्पाची मेंढी धरली, जिच्यावर तोंडाकडची कोर होती. फिल्म त्याच जागी ठेवली, आता वर-खाली नीट बघून, आणि ब्रश फिरवला. फिल्म उचलली. शेपटीकडची कोर उमटली खरी, पण आधीची पिवळी तिथंच होती. एकीचं तोंड दुसरीच्या तोंडाला भिडलं होतं आणि टोकं एकमेकांवर चढली होती. मेंढीच्या कुशीवर एक गोल तयार झाला होता. मध्ये काळा, भोवती पिवळा.

"ही आता कुनाची?" बिराप्पानं विचारलं.

"तुझीच. म्या तुझी मारली न्हाय का वरनं?"

"आन् तुझ्या मेंढीवर आधी माझी हाय, तिच्यावर तुझी मारली तर काय दिसंल?"

बसवेशनं हवेत बोटानं काढून बघितलं. "गोलच दिसंल."

"मंग गोल कुनाचा?"

बसवेशनं माझ्याकडं बघितलं. मी पण विचार करत होते. दुसरा रंग म्हणावं तर ती सूचना भावांनी आधीच मोडीत काढली होती. गोलात एक रेघ मारावी, एकाला आडवी, एकाला उभी, असं मी सुचवणार होते.

"गोल माझा," हरणाबाई म्हणाल्या.

त्या बांधावरून उठून आल्या होत्या. त्यांनी गोल उमटलेल्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला.

"आये, थट्टा नगं आता," बिराप्पा म्हणाला.

"थट्टा कुनी केली? तुज्या खुणेची तुजी. ह्याच्या खुणेची ह्याची. दोगांच्या बी खुणा जिच्यावर, ती दोगांच्या आयची. ह्यात काय चुकलं? सांग की पोरी, तू शिकलीयास."

"चुकलं काहीच नाही," मी म्हणाले. तर्कात खरंच काही चुकत नव्हतं.

"ताई, तुमी नगा मधी बोलू," बसवेश म्हणाला, पण त्याला हसू येत होतं. "आये, किती व्हतील म्हाईत हाय का? लई हैत."

"लई हैत म्हनूनच म्हनती. येक-दोन आसती तर म्हनले नसते."

"आन् संबाळणार कोन?"

"इतकी वर्सं कोन संबाळत व्हतं? तुमी शाळंला गेल्ता तवा मेंढरं उपाशी व्हती व्हय?"

बिराप्पानं दुसरं काढलं. "आन् गुडघं?"

"गुडघं माझ्याबर येतील. त्यांला घरी कुठं ठिवू?"

मामू खाली बघून मिशीत हसत होते. बिराप्पा रागावला होता की काय, ते मला नीट कळलं नाही. त्यानं मेंढरांकडं बघितलं, चुकलेल्या कोरी डोळ्यांनी मोजत असावा तसं. त्याची मेंढरं हातची जात होती, तशी बसवेशचीही. कुणा एकाचं नुकसान असतं तर तो नाही म्हणू शकला असता.

"मंग तू कुनासंगं येणार?" त्यानं शेवटी विचारलं.

"कळंबपातूर तुज्यासंगं. संक्रातीनंतर बसवेश वर येईल, तवा त्याच्यासंगं. न्हाय आला तर तूच मला त्याच्याकडं सोडायचं."

"म्हंजी आमी दोगं परत येकत्र हिंडायचं का?"

"म्या कुठं म्हनलं तसं? माझी मेंढरं मी न्यायची. तुमी कुठं बी हिंडा."

बसवेशनं ब्रश डब्यात बुडवला. "धर दादा पुढची," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गोल काढणं चाललं होतं. निघण्याआधी मामूंनी खिळा तापवून दोन्ही फिल्मच्या वरच्या कडेला, एकाच बाजूनं, भोकं पाडली. बिराप्पाला एक, बसवेशला दोन. भोकं वर आणि कोर अमुक बाजूला, असं दोघांकडून म्हणवून घेतलं. परत येताना स्कूटरवर ते एवढंच म्हणाले, "बुड्ढीने तो कमाल कर दी."

निघायच्या आदल्या दिवशी बिराप्पा आणि हरणाबाई परत दुकानात आले. तिन्ही खुणांचा एक कागद हवा होता, खाली नावं आणि मोबाइल नंबर घालून. वाटेत पोलीस पाटील विचारतात, शेतवाले विचारतात, तेव्हा दाखवायला. बिराप्पा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला आणि मी कॉम्प्युटर सुरू केला.

जुनी फाइल होतीच. दोन कोरी एकमेकींच्या अंगावर सरकवल्या आणि आकार जोडायची आज्ञा दिली. आतल्या रेघा विरघळून बाहेरची एक आणि आतली एक, अशा दोनच कडा उरल्या. पण तो पुस्तकातला गोल नव्हता. बाजूंना जाड, वर-खाली जिथं टोकं एकमेकांवर चढली होती तिथं बारीक. मेंढरांवर तसाच होता, म्हणून मीही तसाच ठेवला. फक्त जोडाच्या ठिकाणी आलेले जास्तीचे बिंदू पुसले आणि दांड्या सरळ केल्या, म्हणजे कड न मोडता वळेल.

हरणाबाई स्टूल पुढं ओढून बघत होत्या. "ह्यांच्यापरीस मोठी कर," त्या म्हणाल्या.

"मेंढरांवर तिन्ही एकाच उंचीच्या आहेत आज्जी."

"मेंढरावर राहू दे. कागदावर मोठी कर."

मी थोडी मोठी केली. त्यांनी हातानं आणखी म्हणून खुणावलं. आणखी केली.

"आज्जी, पुढच्या वर्षी तुमची वेगळी फिल्म नाही देता येणार," मी सांगितलं. "गोल कापला की मधला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवायला काही नसतं."

"मंग कशी काढायची?"

"आत्ता काढली तशीच. दोन कोरी एकीवर एक."

"म्हंजी बिराप्पाची फिलम लागणार आन् बसवेशची बी."

"हो," मी म्हणाले, आणि मग राहवलं नाही. "तसं बघितलं तर एकच पुरते. एकदा अशी ठेवायची, एकदा उलटी करून. दोन्ही सारख्याच आहेत ना."

हरणाबाईंनी दाराकडं बघितलं. बिराप्पा टपरीवरून तीन कप घेऊन रस्ता ओलांडत होता, एका हाताच्या बोटांत दोन अडकवून.

"मला कळलंय ते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच कळलंय. तू त्यांला सांगू नगंस. दोन लागत्यात म्हनूनच दोगं येतील."

बिराप्पा आत आला आणि त्यानं कप काउंटरवर ठेवले. पडद्यावरचा मोठा गोल बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी प्रिंट दिली.